पेठेतले जुने घर शोधायचे तर आधी चतुःसीमा काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की आजोबा-पणजोबांचे घर बघायला मूळ गावी येणाऱ्यांची वर्दळ हल्ली बरीच वाढली आहे. मंडळी बाजारपेठेत गाडी लावतात, एखाद्या कापडदुकानात आडनाव सांगून चौकशी करतात, तिथून कोणीतरी चौथ्या आळीत पाठवतो आणि शेवटी एका शटरसमोर फोटो काढून सगळे परत जातात. त्या आडनावाची चार घरे त्याच पेठेत असतात, त्यामुळे फोटो दुसऱ्याच कोणाच्या जागेचा निघण्याची शक्यता भरपूर. भूमी अभिलेख आणि नगरपालिकेच्या कामाशी आमचा अनेक वर्षे संबंध राहिल्याने, हे काम रीतसर कसे करावे आणि ते नेमके कुठे अडते, हे आपल्या वाचकांसाठी लिहीत आहोत.

पहिली गोष्ट, घर शोधू नका, जागा शोधा. घर पडते, जळते, विकले जाते, त्याचे लॉज होते. जागेची हद्द मात्र फार सावकाश बदलते आणि बदलली तरी कागदावर खूण ठेवून बदलते.

बरेच जण सुरुवातच तलाठ्याकडे सातबारा मागून करतात. सातबारा शेतजमिनीचा असतो. गावठाणातल्या घराचा सातबारा नसतो. नगर भूमापन (सिटी सर्व्हे) झालेल्या गावात घराच्या जागेसाठी मिळकत पत्रिका असते, जुन्या बोलीत आखीव पत्रिका, आणि ती तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयात मिळते. विदर्भात हीच चौकशी बऱ्याचदा नझूलच्या, म्हणजे गावातल्या सरकारी जागेच्या, शीट क्रमांक आणि प्लॉट क्रमांकाने करावी लागते. लहान गावात नगर भूमापन झालेलेच नसेल, तर ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, हाच मुख्य आधार.

पण कार्यालयात जाण्याआधी घरातली ट्रंक उघडा. हवे असते ते खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, जुनी घरपट्टीची पावती किंवा कोर्टाचा हुकूमनामा. यातल्या कोणत्याही कागदात चतुःसीमा, म्हणजे जागेच्या चारही बाजूंना काय आहे त्याचे वर्णन, मिळाली की निम्मे काम झाले. मजकूर साधारण असा असतो: पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस बोळ व त्यापलीकडे आड, दक्षिणेस अमक्या कासाराचे घर, उत्तरेस विठोबाचे देऊळ. यातला कासार आज सापडणार नाही. देऊळ, आड, वेस, चावडी, मशीद, ओढा या गोष्टी बहुधा सापडतात, निदान त्यांची जागा तरी माहीत असते. चारही बाजू सारख्या विश्वासाच्या नसतात, हे लक्षात ठेवून जी खूण हललेली नाही तिच्यापासून मोजायला लागावे.

चतुःसीमेत दोन खोडी असतात. दस्तलेखक जुन्या दस्तावरून चतुःसीमा जशीच्या तशी उतरवून घेत असत. त्यामुळे १९४० च्या खरेदीखतात दक्षिणेला ज्याचे घर लिहिले आहे, तो गृहस्थ त्याआधी तीस वर्षे वारलेला असू शकतो. शेजाऱ्याच्या नावावरून शोध घ्यायचा तर आधीचा दस्तही काढावा. दुसरी खोड दिशांची. जुन्या पेठांतले रस्ते सरळ पूर्व-पश्चिम क्वचितच असतात. आग्नेयेकडे तोंड असलेल्या घराची समोरची बाजू एका दस्तात पूर्व आणि दुसऱ्या दस्तात दक्षिण लिहिलेली आढळते. वर्णन जुळत नसेल तर चारही बाजू एकेक दिशा पुढे फिरवून पाहा, पुष्कळदा तिथेच जुळते.

कागद मोडीत असेल तर घाबरून जाऊ नये. पूर्ण पानाचा फोटो कडांसकट, फ्लॅश न वापरता, बाजूने प्रकाश पाडून घ्यावा. अर्ध्या पानाच्या फोटोवरून वाचणाराही हतबल होतो. पुराभिलेख विभाग मोडीचे प्रशिक्षण देतो, त्यामुळे मोठ्या गावांत वाचणारे मिळतात. साल कळत नसेल तर मुद्रांकावरचा राजा बघा: व्हिक्टोरिया १९०१ पर्यंत, सातवा एडवर्ड १९१० पर्यंत, पाचवा जॉर्ज १९३६ पर्यंत आणि त्यानंतर सहावा जॉर्ज. शके लिहिले असेल तर ७८ मिळवावेत, पौष-माघाकडचा दस्त असेल तर ७९. मराठवाड्यातल्या निजामी कागदांत फसली साल असते, त्यात ५९० मिळवले की इसवी सन येते. ते कागद बहुतांशी उर्दूत आहेत.

नावांचाही एक घोळ असतो. जुन्या नोंदींत आडनाव हमखास असेलच असे नाही. 'रामा बिन गोविंदा' किंवा 'वल्द गोविंदा' इतकेच असते, बाईच्या नावापुढे 'कोम' किंवा 'भ्रतार' येते. पुढच्या पिढीने गावाचे किंवा धंद्याचे आडनाव लावलेले असते. म्हणून शोध घेताना आडनावापेक्षा बापलेकांच्या नावांची जोडी धरावी. मिळकत पत्रिकेवर नावामागे 'ए.कु.मॅ.' दिसले तर तो गृहस्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तुमचे पणजोबा त्याच वाड्यात राहिले, पण धाकटे असल्यामुळे त्यांचे नाव कुठेच नाही, असे सर्रास असते. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचे पालन करणारा. मूल अज्ञान, आई किंवा चुलता पालनकर्ता. नाव लागले त्या वर्षी मूल किती लहान होते, याचा अंदाज यावरून येतो.

आता नंबरांकडे. एकाच घराला तीन-चार नंबर असतात आणि लोक त्यांची गल्लत करतात. नगरपालिकेचा घर नंबर वेगळा, सिटी सर्व्हे नंबर वेगळा, गावाबाहेर पसरलेल्या भागात मूळ सर्व्हे नंबर वेगळा, नगररचना योजना झाली असेल तर अंतिम भूखंड क्रमांक वेगळा. आजोबांच्या पत्रावरचा 'घर नं. २१४' बहुधा नगरपालिकेचा असतो. दर चार वर्षांनी होणाऱ्या फेरआकारणीत आणि वॉर्डांच्या हद्दी बदलताना हे घर नंबर फिरतात. आजचे २१४ हे तेव्हाचे २१४ असल्याची खात्री कोणी देऊ नये. सिटी सर्व्हे नंबर मात्र टिकतो. जागेचे तुकडे पडले तर १४१२/१, १४१२/२ असे पोटनंबर पडतात, शेजारच्या जागा एकत्र झाल्या तर पत्रिकेवर तसा शेरा येतो.

जुन्या घर नंबरावरून सिटी सर्व्हे नंबरापर्यंत जाण्यासाठी नगरपालिकेच्या जुन्या आकारणी नोंदवह्या लागतात. ज्या वर्षी नंबर बदलले, त्या वर्षीच्या नोंदवहीत कधी कधी जुना आणि नवा असे दोन्ही रकाने असतात. ती वही मिळाली तर सरळ पूल सापडला म्हणायचे. नसेल तर नोंदींचा क्रम बघावा. आकारणी करणारा कारकून रस्त्याच्या एका टोकापासून घर मोजत जात असे, म्हणून देवळाची नोंद सापडली की तिच्या अलीकडची-पलीकडची घरे रस्त्यावरही साधारण त्याच क्रमाने असतात. चावडी, शाळा, धर्मशाळा हेही असेच खुंट.

याच नोंदवहीत मालक आणि भोगवटादार (प्रत्यक्ष राहणारा) असे वेगळे रकाने असतात आणि घर शोधणाऱ्यांचे सर्वात जास्त दुर्लक्ष इथेच होते. पेठेतल्या कितीतरी कुटुंबांचे स्वतःचे घर नव्हतेच. वाड्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. नातवंडांपर्यंत येता येता 'आमचा वाडा' झाला. अशा वेळी मिळकत पत्रिका, खरेदीखत यांत कितीही वर्षे मागे गेलात तरी पूर्वजाचे नाव येणार नाही, कारण तो मालक नव्हता. भोगवटादाराचा रकाना आणि जुन्या मतदार याद्या, हीच दोन ठिकाणे. मतदार याद्या घर क्रमांकाच्या ओळीने असतात, म्हणून शेजाऱ्यांची नावेही आयती मिळतात.

देवळाच्या बाबतीत एक युक्ती फारशी कोणी वापरत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या देवस्थानाच्या परिशिष्ट एकच्या उताऱ्यात त्याच्या स्थावर मिळकतीचे वर्णन असते, बहुतेक वेळा सिटी सर्व्हे नंबरसकट. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून हा उतारा काढला की चतुःसीमेतल्या देवळाचा नंबर कळतो. भूमापन करताना नंबर रांगेने पडत गेलेले असल्यामुळे लगतच्या घरांचे नंबर त्याच्या मागचे-पुढचे असतात. बोळ ओलांडला की मात्र नंबर उडी मारतो.

नंबर हाती आला की भूमी अभिलेखात तीन गोष्टी मागाव्यात: मिळकत पत्रिका, चौकशी नोंदवहीचा उतारा आणि त्या भागाच्या नगर भूमापन शीटची नक्कल. नुसती मिळकत पत्रिका घेऊन लोक निघून जातात, ही चूक. पत्रिका ऑनलाइनही मिळते, पण नावाने शोधले तर आजचा धारक सापडतो, तुमचा पणजोबा नव्हे. पत्रिकेवर 'हक्काचा मूळ धारक' या रकान्यात भूमापनाच्या वेळचे नाव आणि बहुधा वर्ष असते, खाली तारीखवार फेरफार, म्हणजे धारक बदलल्याच्या नोंदी. चौकशी नोंदवहीत त्या धारकाने हक्काचा काय पुरावा दाखवला, वडिलोपार्जित म्हणून सांगितले की खरेदीखत दाखवले, याची नोंद असते. त्यातून त्याआधीच्या दस्ताचा माग लागतो. शीट बहुधा १:५०० प्रमाणाची असते. तिच्यावर बोळ, आड, सामाईक भिंती दिसतात आणि जमिनीवर काय शोधायचे ते तिच्यावरूनच कळते.

दस्ताचा पुढचा शोध दुय्यम निबंधकाकडे. शंभर रुपये वा त्याहून जास्त किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होत असल्याने जुन्या खरेद्या तिथे सापडतात. सूची क्र. १ नावांची, सूची क्र. २ मिळकतींची. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम ५७ प्रमाणे पुस्तक क्र. १ (स्थावराच्या दस्तांचे) आणि त्याची सूची फी भरून कोणालाही पाहता येते, तुम्ही वारस असल्याचे सिद्ध करावे लागत नाही. खिडकीवर 'तुमचा काय संबंध' असे विचारले तर हे कलम सांगावे. मृत्युपत्रे पुस्तक क्र. ३ मध्ये असतात, त्यांना हा मोकळा नियम लागू नाही. मुंबईबाहेर ऑनलाइन शोध साधारण २००२ पासूनच्या दस्तांचा होतो, त्याआधीचे सगळे खंड हाताने उलटावे लागतात. म्हणून 'वडिलांच्या लहानपणी कधीतरी विकले' एवढ्यावर न जाता दहा वर्षांची चौकट तरी आखून जावे. शोधाची फी वर्षागणिक असते.

खरेदीच सापडत नसेल तर गहाण बघा. बाजारपेठेच्या गावांत कितीतरी वाडे विकले गेले नाहीत, कब्जेगहाणात, म्हणजे ताबा देऊन केलेल्या गहाणात, सावकाराकडे गेले आणि तिकडेच राहिले. काही कोर्टाच्या लिलावात गेले. पत्रिकेवर 'दरखास्त नं.' आणि साल दिसले तर ती हुकूमनाम्याच्या बजावणीची दरखास्त, आणि विक्रीच्या दाखल्याची प्रत पुस्तक क्र. १ मध्ये लावलेली असते.

गाव सोडण्यामागची घटना माहीत असेल तर चौकट आखायला मदत होते. १८९६ नंतरच्या प्लेगने अनेक कुटुंबे पेठेतून माळावर गेली, काही परतली नाहीत. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत दक्षिण महाराष्ट्रातल्या गावांमधले वाडे जळले, कागदही जळले, आणि पुढच्या काही वर्षांत त्या जागा विकल्या गेल्या. १९६३ च्या पणन कायद्यानंतर धान्य आणि गुळाचे सौदे गावाबाहेरच्या मार्केट यार्डात गेले. अडत्यांच्या पेढ्या रिकाम्या झाल्या आणि तिथे कापडदुकाने, लॉज, पतसंस्था आल्या. पेठेचे रूप पालटले ते मुख्यतः या शेवटच्या लाटेत.

जिल्ह्यांची जुनी नावेही ध्यानात असू द्या. सांगली जिल्हा १९६० पर्यंत दक्षिण सातारा होता. जळगाव म्हणजे पूर्व खानदेश, धुळे म्हणजे पश्चिम खानदेश, रायगड म्हणजे कुलाबा. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत होते, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादेत. जुने दप्तर जुन्याच नावाखाली बांधलेले असते, आणि तालुका बदललेला असेल तर ते शेजारच्या तालुक्याला पडून असण्याचाही संभव असतो. गावच पक्के माहीत नसेल तर त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळी बघाव्यात. तिथे गाव आणि भाऊबंदांची नावे मिळतात, घर क्वचितच.

कागद जुळले की मग गावात जावे. समोरून काही कळत नाही. दर्शनी भाग सगळा नवा, ॲल्युमिनियमच्या पाट्यांनी झाकलेला. मागच्या बोळात शिरा. पांढऱ्या मातीची जाड भिंत, घडीव दगडाचे जोते, झाकण टाकलेला आड हे मागेच उरलेले असते, कारण मागे गिऱ्हाईक येत नाही म्हणून तिथे कोणी खर्च केलेला नसतो. समोर बघायचेच तर शटरची रुंदी बघा. जुन्या घराचे गाळे खणांवर पडत, खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर, आणि पुष्कळ दुकाने आजही तेवढीच रुंद आहेत. दस्तात 'पाच खणी' लिहिले असेल आणि ओळीने पाच सारख्या रुंदीची शटरे दिसली तर ती चांगली खूण समजावी. जोत्याच्या पायऱ्यांवरून मात्र फसू नये. दर डांबरीकरणाला रस्ता चढत गेला आहे. दस्तातल्या तीन पायऱ्यांचे जोते आज रस्त्याच्या पातळीला, कधी त्याच्याही खाली सापडते.

माप ताडून पाहावे. दस्तात ४० हात लांब, १२ हात रुंद असेल तर हात दीड फुटाचा धरून ६० बाय १८ फूट, म्हणजे १०८० चौरस फूट, १२० चौरस यार्ड, सुमारे १०० चौरस मीटर. मिळकत पत्रिकेवर ९० ते ११० च्या दरम्यान आकडा असेल तर ठीक. ७० असेल तर रस्तारुंदीकरणात पुढचा भाग गेला का, ते शेऱ्यात बघावे. ३०-३५ असेल तर पोटविभाजन झाले आहे, शेजारचे नंबरही काढावेत. माप गजात असेल तर त्यावरून क्षेत्र काढायला जाऊ नये, गज ठिकठिकाणी वेगळा होता.

आजच्या राहणाऱ्याच्या दारात जाताना थोडा पोच ठेवावा. हातात कागदांची फाइल आणि टेप घेऊन कोणी आले की कोणाच्याही पोटात गोळा येतो, आणि तो उगाच नसतो. 'आम्हाला काही नको, फक्त बघायचे आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगा, फाइल गाडीत ठेवा, आत बोलावले तरच आत जा, न विचारता मोजमाप किंवा फोटो नको. नकार दिला तर बोळातून जेवढे दिसते तेवढ्यावर समाधान माना. दस्ताचे फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकले की एखाद्या पुतण्याला वकिलाची आठवण होतेच. पन्नास-साठ वर्षांपूर्वी नोंदणीकृत खरेदीने गेलेली जागा परत मागण्याची मुदत केव्हाच संपलेली असते, हे त्याला तिथेच सांगून टाकावे.

आता आपल्या वृत्तपत्रामार्फत एक मागणी. या साखळीतला सर्वात कच्चा दुवा नगरपालिकांच्या जुन्या आकारणी नोंदवह्यांचा आहे. सातबारे आणि फेरफार स्कॅन झाले, मिळकत पत्रिका ऑनलाइन आल्या, पण या वह्या अनेक ठिकाणी गोदामात पोत्यांत बांधून, कसर लागून पडल्या आहेत. काही नगरपालिकांत इमारत बदलताना त्या कुठे गेल्या, हे कोणालाच सांगता येत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारे बसवले गेले, सापडलेली पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली. हे होऊ शकते हे त्यातून दिसलेच आहे. १९६७ पूर्वीच्या आकारणी नोंदवह्या 'अ' वर्गात, म्हणजे कायम जतन करायच्या अभिलेखांत धराव्यात, सलग स्कॅन कराव्यात, आणि यापुढे कोणत्याही फेरआकारणीत जुना मालमत्ता क्रमांक हा रकाना सक्तीचा ठेवावा. शेवटच्या गोष्टीला तर पैसाही लागत नाही.

तोवर ज्यांना जायचे आहे त्यांनी नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपये फी भरून महिनाभर आधी टाकून ठेवावा. अर्जात पेठ, अंदाजे वर्षे आणि 'आकारणी नोंदवही' हे शब्द स्पष्ट लिहावेत. 'आमच्या पूर्वजांच्या घराची सर्व माहिती द्यावी' अशा अर्जाला 'माहिती उपलब्ध नाही' हेच उत्तर येते. सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद असतात, तेव्हा सुट्टीचे नियोजन करताना आठवड्यातले दोन कामाचे दिवस राखून ठेवावेत. पहिला भूमी अभिलेखासाठी आणि दुसरा, पहिल्या दिवशी नक्कल मिळाली नाही तर, पुन्हा भूमी अभिलेखासाठी.

आपले,
भूमी अभिलेख व नगरपालिका सेवेतून निवृत्त झालेले काही वाचक